लोकसंगीताच्या छोट्या क्लबात वर्षभराच्या बारा मैफली: तारखेपासून हिशेबापर्यंत

क्लब सुरू करायला एक खोली, साठ-सत्तर खुर्च्या आणि चार खुळी माणसं पुरतात. पहिली मैफल उत्साहात पार पडते, दुसरी ओळखीपाळखीवर निभते. तिसरीला वीस डोकी येतात आणि चौथीची तारीख ‘लवकरच कळवू’मध्ये अडकून बसते. मी अशा एका क्लबाची कामं बरीच वर्षं बघतोय, खुर्च्या लावण्यापासून मानधनाचं पाकीट हातात देण्यापर्यंत. क्लब कलाकारांअभावी बंद पडताना मी क्वचितच पाहिलेत. बहुतेक बंद पडतात ते पुढची मैफल कधी आहे हे कुणालाच ठाऊक नसतं म्हणून. त्यामुळे या लेखात कलाकार दुसऱ्या नंबरावर आहे. पहिली येते तारीख.

आधी तारीख, मग कलाकार

‘महिन्याचा दुसरा गुरुवार’ असं काहीतरी पक्कं ठरवा आणि वर्षभर हलवू नका. दुसरा गुरुवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यानच येतो. म्हणजे लोकांना कॅलेंडर उघडावं लागत नाही आणि महिनाअखेरच्या खडखडाटातही तो सापडत नाही. शनिवार-रविवार का नको? कारण दौऱ्यावर निघालेले कलाकार शनिवार-रविवारी मोठ्या महोत्सवांना आणि सभागृहांना बांधलेले असतात. मधले दिवस त्यांना रिकामे जातात आणि मुक्कामाचा खर्च मात्र चालूच असतो. दोन मोठ्या कार्यक्रमांमधला गुरुवार भरून निघत असेल, तर एरवी तुमच्या खोलीकडे न फिरकणारा गायकही कमी मानधनात येतो. आमच्याकडची सगळ्यात गाजलेली मैफल अशाच एका अडनिड्या गुरुवारी झाली.

खोलीसुद्धा वर्षभरासाठी एकदमच ठरवा. दर महिन्याला नवी जागा शोधणारा क्लब मी दुसऱ्या वर्षात गेलेला पाहिलेला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जमधला कॅफे लीना १९६० पासून चालू आहे, आणि १९६१ मध्ये तिथे बॉब डिलन गायला होता. पण एक डिलन आला म्हणून कुठलीही खोली साठ वर्षं टिकत नाही. ती टिकते नाव न ऐकलेल्या कलाकारासाठीही जिना चढून येणाऱ्या माणसांवर. ती सवय लावायची असेल तर दार ठरल्या दिवशी उघडं असावं लागतं.

बारा संध्याकाळी कशा वाटायच्या

बाराही मैफली पाहुण्यांच्या ठेवू नका. पैसा पुरणार नाही आणि कार्यकर्ते दमतील. माझा हिशेब असा: सात पाहुण्यांच्या, चार खुल्या (पाहुणा नाही, येणारेच गातात), आणि एक वार्षिक, जिच्यात वर्षभर खुल्या मैफलीत गाजलेली मंडळी पूर्ण वेळ गातात. ब्रिटनमधल्या लोकसंगीत क्लबांत ही पद्धत १९५०-६० च्या दशकांत रुळली. पाहुणा नसेल त्या रात्री सभासदच गातात, आणि पाहुणा असेल तेव्हाही आधी दोघं-तिघं स्थानिक प्रत्येकी एखाद-दोन गाणी म्हणून घेतात. हे वेळ भरणं नव्हे. पहिल्यांदा खुर्चीत बसलेला माणूस सहा महिन्यांनी माइकसमोर उभा राहतो, तेव्हा तो क्लब सोडून जात नाही आणि येताना घरातली चार माणसं घेऊन येतो.

क्रम लावताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. मोठं नाव पहिल्या महिन्यात वापरू नका. पहिली मैफल नवलाईवरच भरते. नाव लागतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नवलाई ओसरल्यावर. त्याच्या पुढच्याच महिन्यात अनोळखी पण खात्रीचा कलाकार ठेवा आणि मोठ्या मैफलीच्या मध्यंतरात त्याचं नाव सांगा. विनासाथ लांबलचक कथागीतं गाणारे दोघे लागोपाठ नकोत. ढोल-ताशासारख्या दणदणीत वाद्यांचा संच आणि एकतारीवरचा एकटा आवाज यांच्यात महिन्याचं अंतर असू द्या. आदल्या महिन्यातला दणका लोकांच्या कानात राहतो आणि पुढचा माणूस उगाच फिका वाटतो.

अनोळखी कलाकाराबद्दल कार्यकारिणीत कुणीतरी हमखास ‘कोण येणार ऐकायला?’ म्हणतं. १९५८ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या क्लब ४७ मध्ये गायला लागलेली जोन बाएझ तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी, पहिल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात, तिला हजारोंनी ऐकलं. प्रत्येक अनोळखी गायिका बाएझ निघत नाही हे खरं. पण सातातल्या दोन तारखा तरी अशा जुगारासाठी राखून ठेवाव्यात.

कोणती गाणी ‘लोकसंगीत’ म्हणायची यावर भांडण होणार, ते वर्षाच्या सुरुवातीलाच करून टाका. लंडनमधल्या सिंगर्स क्लबात इवान मॅकॉल आणि पेगी सीगर या लोकगायकांनी नियमच केला होता: मंचावर गाणाऱ्याने आपल्या भाषेतली, आपल्या परंपरेतलीच गाणी गायची. त्यावरून तेव्हा बरीच धुसफूस झाली. मला तो नियम जाचक वाटतो, पण त्यामागचा प्रश्न मोलाचा वाटतो. म्हणून आमच्याकडे नियम नाही, फक्त एक प्रश्न आहे: ‘हे गाणं तुमच्याकडे कुठून आलं?’ ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याला आम्ही तारीख देतो. आजीकडून आलं, शेजारच्या म्हाताऱ्याकडून आलं, जुन्या रेकॉर्डवरून उचललं, काहीही चालतं. फक्त ते मंचावरून सांगायचं.

कलाकाराशी बोलणी

नऊ महिने आधी विचारा, सहा महिने आधी पक्कं करा, महिनाभर आधी पुन्हा फोन करा. पहिल्या फोनवर मानधनाआधी हे विचारून घ्या: किती माणसं, कोणती वाद्यं, बसून गाणार की उभ्याने, सूर कोणता, माइक किती लागतील, निघायचं कधी, रेकॉर्डिंग चालेल का, सीडी किंवा पुस्तकं विकायची आहेत का. साथीदार किती हा प्रश्न विसरू नका. ‘मी आणि एक ढोलकीवाला’ म्हणून ठरलेली मंडळी सात जण आली, तर सात जणांचा मुक्काम तुमच्या माथी.

परंपरेने गाणाऱ्या घराण्यांतले कलाकार बोलावताना जास्त जपून बोला. बहुतेक वेळा मध्ये एक मध्यस्थ असतो आणि ठरलेल्या रकमेतलं किती खाली झिरपतं ते कळत नाही. मध्यस्थाचं शुल्क वेगळं ठरवा, ते त्याला वेगळं द्या, आणि कलाकारांचं मानधन त्यांच्या हातात किंवा थेट खात्यात जाऊ द्या. दुसरी अडचण वेळेची. राजस्थानात लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींनी लेखक विजयदान देथांबरोबर १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था उभी केली आणि लंगा-मांगणियार या पिढीजात गाणाऱ्या समाजांतल्या गायकांना मंचावर आणलं. या मंडळींची परंपरागत मैफल म्हणजे यजमानाच्या घरचा प्रसंग. तिथे गाणं किती चालायचं हे तो प्रसंग ठरवतो, घड्याळ नाही. अशा कलाकाराला ‘आठ मिनिटांत एक गाणं’ असं बजावणं म्हणजे त्याच्या हातातलं वाद्य काढून घेण्यासारखं आहे. त्याऐवजी एकूण वेळ सांगा, मध्यंतर कधी ते सांगा आणि गाणी त्याच्यावर सोडा.

सगळं एका पानावर लिहून दोघांनी सही करा. तारीख, पोहोचायची वेळ, गाण्याची वेळ, मानधन, ते कधी मिळणार, प्रवास-मुक्काम कुणाकडे, कुणीही रद्द केलं तर काय, रेकॉर्डिंगचं काय. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही.

पैशाचं गणित तिकिटांत मांडा

रकमा जागेनुसार बदलतात, म्हणून मी सगळा खर्च तिकिटांच्या संख्येत मोजतो. समजा खोलीत ७० खुर्च्या आहेत. खोलीचं भाडं, साउंडवाला आणि किरकोळ मिळून १३ तिकिटांचा खर्च. कलाकाराला ३० तिकिटांइतकी हमी. म्हणजे ४३ वं तिकीट विकलं जाईपर्यंत तुम्ही तोट्यात आहात. करार असा करा: हमी, किंवा खर्च वजा जाता उरलेल्या गल्ल्याचे ७० टक्के, यातलं जे जास्त असेल ते कलाकाराचं.

५५ माणसं आली तर खर्च जाऊन ४२ उरतात. त्याचे ७० टक्के २९.४, म्हणजे हमीच लागू. कलाकाराला ३०, क्लबाला १२. खोली भरली तर ५७ उरतात, कलाकाराला जवळपास ४०, क्लबाला १७. आणि पाऊस पडून ३५ च आले, तर २२ मधून ३० द्यायचे, म्हणजे आठ तिकिटं खिशातून. थोडक्यात, एक भरलेली मैफल दोन पडलेल्या मैफली जेमतेम तारते. सातातल्या तीन पडल्या आणि दोन भरल्या तरी वर्ष निभतं. पण सुरुवातीलाच दोन लागोपाठ पडल्या आणि गाठीशी काही नसलं की तिसऱ्या कलाकाराला फोन करायचा धीर होत नाही. म्हणून वर्ष सुरू व्हायच्या आधी दोन पडलेल्या मैफलींची तूट बाजूला काढून ठेवा. ती वर्षभराच्या सभासद वर्गणीतून काढावी. वर्गणी भरलेल्याला पाहुण्यांच्या सातही मैफली थोड्या स्वस्तात आणि खुल्या चार फुकट.

मानधन त्याच रात्री, शेवटच्या गाण्यानंतर, पाकिटातून. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ हे वाक्य कलाकारांच्या वर्तुळात फार वेगाने फिरतं.

खोली आणि आवाज

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण छोट्या क्लबात सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि यातल्या बहुतेक फुकटात सुधारता येतात.

आधी खोली ऐका. संध्याकाळी, सगळं बंद करून, मधोमध खुर्ची टाकून पाच मिनिटं गप्प बसा. पंखा, ट्यूबलाइट, शेजारचा जिना, दाराची बिजागरी, सगळं ऐकू येतं. आमच्या खोलीमागे एक फ्रिज होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकदा एक गायक पांढरी पाचमध्ये (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) गात होता, साथीला फक्त तंतुवाद्याचा एक अखंड सूर. पहिल्या गाण्यापासून तो अस्वस्थ. तार पिळायचा, कान द्यायचा, पुन्हा पिळायचा. मध्यंतरात म्हणाला, ‘तुमच्या भिंतीत कुणीतरी माझ्याहून जरासं वर गातंय.’ जिथे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असतो, तिथे फ्रिजची आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर मुख्यतः १०० हर्ट्झवर येते. पांढरी पाचचा खालचा सूर ९८ वर. दोन हर्ट्झच्या फरकाने सेकंदाला दोन हेलकावे पडत होते, आणि तासभर त्याला ते कानात टोचत होते. तेव्हापासून मैफलीआधी फ्रिजची वायर काढणं हे यादीतलं पहिलं काम. वायर काढणारा आपल्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवतो, म्हणजे परत लावल्याशिवाय घरी जाता येत नाही.

दुसरं, माइक लागतोच असं नाही. सत्तर माणसांच्या बंद खोलीत कमावलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत उघडा पोहोचतो. आधी विनामाइक ऐकून बघा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणून घाबरू नका. माणसं आणि त्यांचे कपडे आवाजाची वरची धार शोषून घेतात, खोली भरली की घुमणं बरंच उतरतं. दुपारी रिकाम्या खोलीत लावलेली माइकची पातळी रात्री कमी पडते ती याच कारणाने. भिंती फारच उघड्या असतील तर मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा घोंगडी टांगा. सगळ्या बाजूंनी टांगू नका, खोली मेल्यासारखी वाटते.

माइक वापरायचाच असेल तर कमीत कमी वापरा. गाण्यासाठी शुअर एसएम५८सारखा साधा डायनॅमिक माइक पुरतो. तो १९६६ पासून बाजारात आहे, पडला-आपटला तरी चालतो आणि मागच्या बाजूचा आवाज कमी पकडतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, त्याच्या पाठीमागे ठेवायचा. वाद्यासाठी कंडेन्सर माइक (वीज लागणारा, जास्त नाजूक कानाचा) असेल तर मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं. ते विसरल्यामुळे ‘माइक मेला’ म्हणून बदलले गेलेले धडधाकट माइक मी पाहिले आहेत. उघड्या जागेत तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. तो भरून काढायला साउंडवाला गेन (माइकची पातळी) वाढवतो आणि मग माइक शिट्टी मारतो. गेन वाढवण्याआधी गायकाला एक पाऊल पुढे बोलवा. दोन माइक शेजारी-शेजारी असतील तर गायक माइकपासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा, नाहीतर आवाज पोकळ होतो.

उष्णतेचं एक गंमतीदार पण वैतागवाणं गणित आहे. खोली भरली आणि दिवे पेटले की तारा तापून सैल पडतात, त्यांचा सूर उतरतो. त्याच वेळी बासरीतली हवा तापते आणि तिचा सूर चढतो. हार्मोनियम, अकॉर्डियनसारखी पत्तीची वाद्यं जवळपास जागच्या जागी राहतात. म्हणजे आठ वाजता एका सुरात असलेली तिघं साडेआठला तीन दिशांना गेलेली असतात. यावर उपाय म्हणजे दिवे तासभर आधी लावणं, आणि पत्तीचं वाद्य असेल तर सगळ्यांनी त्याच्याशी मिळवणं, कारण ते कुणाशी मिळणार नाही. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. गाडीतून आणलेलं वाद्य पेटीतून लगेच काढू नका, खोलीशी जमवून घ्यायला त्याला तासभर द्या. कातडी तोंडाची वाद्यं दमट हवेत उतरतात, कोरड्या उबेत चढतात. कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं एकवीस तारांचं वाद्य असेल तर दोन गाण्यांमध्ये सुरावट बदलायला वेळ लागणारच. तेवढ्यात निवेदकाने बोलायचं की गप्प बसायचं हे कलाकाराला आधी विचारा. बऱ्याच जणांना गप्प बसलेलं हवं असतं.

मैफलीचा दिवस

कलाकार सुरुवातीच्या तीन तास आधी खोलीत हवेत. पहिला तास सामान आणि वाद्यं, दुसऱ्यात आवाज तपासणं, तिसऱ्यात त्यांना एकटं सोडणं. दार अर्धा तास आधी उघडा. दोन स्थानिक, प्रत्येकी दोन गाणी. मग पाहुण्याची पाऊण तासाची पहिली खेप, वीस मिनिटं मध्यंतर, पाऊण तासाची दुसरी. मध्यंतर पंधरा मिनिटांचं जाहीर केलं की ते वीस होतं, वीस जाहीर केलं की तीस. त्यामुळे पंधराच सांगा.

शांतता हा क्लबाचा खरा माल आहे. लिस्बनमधल्या फादो या पोर्तुगीज गायनाच्या घरांत गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि वाढपी जागच्या जागी थांबतात. कुणाला ‘शू’ करावं लागत नाही, अंधारच ते काम करतो. आपणही तेवढंच करावं: सुरुवातीला दिवा खाली, गाणं चालू असताना दार बंद, उशिरा आलेल्याला दोन गाण्यांच्या मध्येच आत सोडायचं. दारावरचा माणूस खंबीर आणि गोड बोलणारा हवा. आमचा दारवाला उशिरा येणाऱ्याला बाहेर बाकावर बसवतो आणि हळूच विचारतो, ‘हे संपेपर्यंत इथूनच ऐकू, चालेल?’ आजवर कुणी भांडलेलं नाही.

खुली मैफल

नियम मोजकेच. प्रत्येकी दोन गाणी, नावं फळ्यावर आल्या क्रमाने, ध्वनिमुद्रित साथ नाही, मोबाइलवर शब्द बघून गाणं शक्यतो नाही. पहिल्यांदाच गाणाऱ्याला तिसरा नंबर द्या. पहिल्याला खोली थंड असते, शेवटच्याला दमलेली. आणि त्याच्या आधी फार तयारीचा गायक ठेवू नका.

ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायची सवय इथेच लावा. गाणाऱ्याने ते आधी एकदा एकट्याने हळू म्हणून दाखवायचं, मग गाणं सुरू करायचं. सूर मात्र श्रोत्यांना झेपेल असा हवा. गायकाचा चढा सूर खोलीला पेलत नाही आणि दुसऱ्या अंतऱ्यापासून सगळे ओठ हलवत बसतात.

रेकॉर्डिंग

कलाकाराची लेखी परवानगी नसेल तर बटण दाबूच नका. गाणं शेकडो वर्षं जुनं असलं तरी त्या रात्रीच्या सादरीकरणावर गाणाऱ्याचा हक्क असतो. १९६१ च्या रोम करारापासून ही गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. जुन्या चालीची नवी बांधणीही कुणाच्या तरी मालकीची असू शकते. जाहीर कार्यक्रमासाठी परवाना लागतो का, हे तुमच्याकडच्या, संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला वर्षारंभी एकदाच विचारून घ्या.

परवानगी असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साधी डब्ल्यूएव्ही फाइल. दोन चॅनलची दीड तासाची मैफल सुमारे दीड जीबी भरते, वर्षभराची सगळी एका छोट्या डिस्कवर मावते. आवाजाची टोकं शून्याच्या (म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेच्या) १२ डेसिबल खाली राहतील अशी पातळी ठेवा, कारण टाळ्या नेहमी गाण्यापेक्षा मोठ्या येतात. फाइलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस आणि कलाकाराचं नाव घाला. ‘नवीन रेकॉर्डिंग ७ अंतिम’ नावाच्या फाइलीत काय आहे ते आम्हाला अजून उलगडलेलं नाही. प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि एक कलाकाराला पाठवा.

ऐनवेळी

वर्षात एकदा कुणीतरी आजारी पडतं किंवा कुणाची गाडी बंद पडते. दर पाहुण्यामागे एक राखीव नाव ठेवा, शहरातलंच, आणि त्या गुरुवारी मोकळं राहायचं त्याने कबूल केलेलं. बोलावलं नाही तर त्याला पुढच्या खुल्या मैफलीत अर्धा तास द्या. मैफल रद्द करू नका. पाहुणा नाही म्हणून दार बंद ठेवलं, तर पुढच्या महिन्यात लोक आधी फोन करून विचारायला लागतात, ‘आहे ना नक्की?’ ज्याला तिकिटाचे पैसे परत हवेत त्याला दारावरच द्या. आमच्याकडे एकदा असं झालं तेव्हा पैसे परत घेणारे फक्त चार निघाले, बाकीचे बसले.

वर्ष संपताना

एक वही ठेवा, फोनमध्ये नको. प्रत्येक मैफलीनंतर त्याच रात्री पाच ओळी: किती माणसं, किती तिकिटं, खर्च, काय बिघडलं, कोणत्या गाण्याला खोली गप्प झाली. बारा पानं भरली की वार्षिक सभेत ती मोठ्याने वाचा. कोणता महिना सतत पडतो, कोणत्या प्रकाराला नवे चेहरे येतात, हे त्या पानांवर दिसतं. मग पुढच्या वर्षाचे बारा गुरुवार लिहून खोलीच्या मालकाकडे जा. कलाकारांची यादी अजून तयार नसेल तरी चालेल.